नेमलेली पुस्तके कोण नेमते?

वसाहतोत्तर साहित्य, म्हणजे साम्राज्यांच्या जुन्या वसाहतींतून आलेले लेखन, म्हणून वर्गात जे शिकवले जाते त्याची निवड कोण करते आणि कशी, याविषयी सातारा व सांगली जिल्ह्यांतून आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी साहित्य शिकते. वसाहतोत्तर साहित्याच्या पेपरला आम्हाला चिनुआ अचेबे, जीन ऱ्हीस आणि सलमान रश्दी आहेत. पुण्याच्या आणि हैदराबादच्या मैत्रिणींनाही जवळजवळ हीच नावे आहेत. गाईडमध्ये या सगळ्याच पुस्तकांना ‘अभिजात’ म्हटले आहे. ही यादी समीक्षकांनी ठरवली की प्राध्यापकांनी?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : ही यादी कोणत्याही एका बैठकीत ठरलेली नाही, आणि ती ठरवण्यात समीक्षक व प्राध्यापक यांच्याबरोबर शैक्षणिक पुस्तकांच्या प्रकाशकांचाही मोठा हात आहे. नायजेरियाचे कादंबरीकार अचेबे यांचेच उदाहरण घ्या. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही त्यांची कादंबरी १९५८ मध्ये लंडनच्या हाइनमन या संस्थेने काढली. १९६२ मध्ये त्याच संस्थेच्या शैक्षणिक विभागाने ‘आफ्रिकन रायटर्स सीरिज’ ही स्वस्त, कागदी बांधणीची माला सुरू केली. मालेतले पहिले पुस्तक हेच होते आणि मालेचे सल्लागार संपादक म्हणून सुरुवातीची दहा वर्षे अचेबे यांनीच काम पाहिले. नायजेरिया १९६० मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. नव्या देशांतल्या शाळा-महाविद्यालयांना आपल्या मातीतली पुस्तके हवी होती, आणि ती परवडेल अशा किमतीत या मालेत मिळत होती. पुस्तक वर्गात लागले म्हणून त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, आवृत्त्या निघत राहिल्या म्हणून ते समीक्षकांच्या हाताशी राहिले, आणि समीक्षकांनी त्यावर लिहिले म्हणून ते पुढच्या पिढीच्या वर्गात पुन्हा लागले.

अचेबे यांच्या आधी, १९५२ मध्ये, नायजेरियाच्याच अमोस टुटुओला यांचे ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ लंडनला प्रसिद्ध झाले होते. योरुबा लोककथांच्या धाटणीचे, व्याकरणाची फारशी तमा न बाळगणाऱ्या इंग्रजीत लिहिलेले ते पुस्तक कवी डिलन टॉमस यांनी उचलून धरले. पण शिकलेल्या अनेक नायजेरियन वाचकांना मात्र त्या इंग्रजीचा संकोच वाटला. अचेबे यांच्या कादंबरीला शोकांतिकेचा घाट आहे; उंचीवर पोचलेला नायक आहे, त्याचा स्वभावदोष आहे, अटळ पतन आहे. शेक्सपिअर शिकवून तयार झालेल्या प्राध्यापकाला ती कादंबरी आपल्या जुन्याच शिदोरीवर शिकवता येत होती. अचेबे यांच्या थोरवीविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु एखादी कलाकृती टिकते तेव्हा ती शिकवायला सोयीची आहे का, हाही हिशेब त्यात असतो, आणि समीक्षेच्या पुस्तकांत तो सहसा मांडला जात नाही.

आता समीक्षेचे काम पाहू. १९७५ मध्ये अचेबे यांनी अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स विद्यापीठात जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर व्याख्यान दिले आणि ज्या पुस्तकाकडे साम्राज्यावरची टीका म्हणून पाहिले जात होते त्यातला वंशद्वेष उघडा केला. त्या व्याख्यानानंतर कॉनरॅड वर्गातून गेले नाहीत. ते अचेबे यांच्या जोडीने शिकवले जाऊ लागले. जीन ऱ्हीस यांच्या बाबतीतही असेच घडले. ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी १९६६ ची. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीमध्ये माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला ती कॅरिबियन बेटावरचे बालपण आणि स्वतःचा आवाज देते. समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ मध्ये या दोन कादंबऱ्यांचे साम्राज्याच्या अंगाने वाचन केले आणि ही जोडी जगभरच्या अभ्यासक्रमांत पक्की झाली. एका सेमिस्टरमध्ये मावणारी, एकमेकींवर प्रकाश टाकणारी, दहा गुणांच्या प्रश्नाला चपखल बसणारी अशी ही जोडी आहे.

या सगळ्याला सूत्ररूप मिळाले ते १९८९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या बिल अ‍ॅशक्रॉफ्ट, गॅरेथ ग्रिफिथ्स आणि हेलन टिफिन या तीन प्राध्यापकांच्या ‘द एम्पायर राइट्स बॅक’ या पुस्तकाने. वसाहतींतले लेखक साम्राज्याच्या केंद्राला लेखणीने उत्तर देतात, हा त्या पुस्तकाचा गाभा. ही मांडणी जोरकस होती आणि तिने अनेक दुर्लक्षित लेखकांना वर्गाचे दार उघडून दिले. परंतु समीक्षा एखादा प्रश्न विचारते तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देणारी पुस्तके आपोआप पुढे येतात आणि ज्यांचा प्रश्नच निराळा आहे ती मागे राहतात. लंडनला उत्तर देणारे पुस्तक बहुधा लंडनला समजणाऱ्या भाषेत असते. म्हणूनच तुमच्या, पुण्याच्या आणि हैदराबादच्या याद्या सारख्या दिसतात. हा सगळा खटाटोप एका प्रश्नाने सुरू झाला आणि तो प्रश्न आपण विचारलेला नव्हता, हे तुम्ही वर्गात बसताना ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

शिक्षकांनी यादी मुळापासून बदलल्याचेही उदाहरण आहे. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात न्गुगी वा थिओंगो, तबान लो लियाँग आणि हेन्री ओवूर-अन्युंबा या तिघांनी इंग्रजी विभागच बरखास्त करावा असे निवेदन दिले. मधोमध आफ्रिका असावी, तिचे मौखिक साहित्य असावे, तिच्या भाषा असाव्यात, आणि इंग्लंडसह बाकीचे जग त्याच्या नात्याने अभ्यासावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे तिथल्या विभागाचे नाव आणि रूप दोन्ही बदलले. आपल्याकडे ही गोष्ट अधिकच गंभीरपणे घ्यायला हवी, कारण इंग्रजी साहित्य हा विषय शिकवण्याची पद्धतशीर घडण इंग्लंडच्या आधी वसाहतीतल्या हिंदुस्थानात झाली, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्याच आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. म्हणजे साहित्याची यादी करून ती परीक्षेला लावणे हे आपल्याकडे राज्यकारभाराचे साधन म्हणून आले, आणि साम्राज्याची चिकित्सा आपण आज त्याच साधनाने करत आहोत.

प्रश्न : हल्ली कोणते पुस्तक मोठे हे बुकर पारितोषिकच ठरवते असे दिसते. मग समीक्षेला आणि शिकवण्याला काही अर्थ उरला आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पारितोषिक पुस्तकाला दुकानात आणते, परंतु तिथून पुढे ते टिकवण्याची ताकद पारितोषिकात नसते. १९६९ मध्ये पहिले बुकर पी. एच. न्यूबी यांच्या कादंबरीला मिळाले. ती आज वसाहतोत्तर साहित्याच्या वर्गात क्वचितच कोणी शिकवत असेल. रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ला १९८१ मध्ये तेच पारितोषिक मिळाले आणि ती कादंबरी राहिली, कारण राष्ट्र, स्मृती आणि इतिहासलेखन यांविषयी नव्या समीक्षेला जे बोलायचे होते ते सगळे तिच्यात सापडत होते. ज्या कंपनीच्या नावाने हे पारितोषिक सुरू झाले तिचा पैसा गयानातल्या उसाच्या मळ्यांतून आलेला होता, हेही वाचकांना ठाऊक असावे. अमिताव घोष यांनी तर २००१ मध्ये ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी राष्ट्रकुल पारितोषिकाच्या स्पर्धेतून स्वतःहून मागे घेतली. इतर भाषांतल्या लेखनाला दार बंद ठेवून केवळ इंग्रजीतल्या पुस्तकांना एका जुन्या साम्राज्याच्या नावाखाली एकत्र करणे त्यांना मान्य नव्हते. अनुवादासाठीच्या आंतरराष्ट्रीय बुकरमुळे २०२२ मध्ये गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा जगापुढे आल्या, याचा आनंद आहेच. त्या कथा दहा वर्षांनी वाचल्या जातील की नाही, हे मात्र त्यांच्यावर कोण लिहितो आणि त्या कोण शिकवतो यावर अवलंबून राहील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. अण्णा भाऊ साठे आमच्या जिल्ह्यातले. माझी नात इंग्रजीत एम. ए. करते. ती नायजेरियातल्या खेड्यावरची कादंबरी शिकते, पण ‘फकिरा’ तिच्या अभ्यासात कुठेच नाही. ‘फकिरा’ इंग्रज राजवटीविषयीच आहे ना? मग ती वसाहतोत्तर का नाही?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आपला प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. या चार पत्रांत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे.

दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहू. अचेबे यांची १९५८ ची, अण्णा भाऊंची १९५९ ची. दोन्हींत एक गाव आहे, त्याचे सण, त्याचे मानपान आणि त्याचे दैवत आहे. वाटेगावला जोगणीचा, म्हणजे देवीच्या जत्रेचा, मान मिळावा म्हणून राणोजी शिगावची जोगणी आणतो आणि जीव गमावतो. तो फकिराचा बाप. दोन्हींत एक बलदंड, स्वाभिमानी पुरुष आहे आणि दोन्हींत गोऱ्यांची सत्ता त्याला मोडते. अचेबे यांचा नायक ओकोंक्वो शेवटी गळफास घेतो. फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो, आणि घरच्या माणसांना सरकारने धरल्यावर त्यांच्यासाठी स्वतःला हवाली करतो. एक कादंबरी जगातल्या पन्नासाहून अधिक भाषांत गेली आणि विद्यापीठोविद्यापीठी नेमली गेली. दुसरीला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना होती, १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, लाखो मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली, आणि तरीही आपल्या नातीच्या पेपरात तिला जागा नाही.

पहिले कारण अनुवाद, हे उघड आहे. फ्रेडरिक जेमसन या अमेरिकन समीक्षकाने १९८६ मध्ये तिसऱ्या जगातले सगळे साहित्य राष्ट्राचे रूपक असते असे विधान केले, तेव्हा एजाज अहमद यांनी त्याला खणखणीत उत्तर दिले: जे थोडेसे इंग्रजीत पोचले आहे तेवढ्यावरून तुम्ही सगळ्यांविषयी सिद्धान्त मांडता आहात. हा इशारा आजही लागू आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे, त्याचा इंग्रजी अनुवाद आला २०१५ मध्ये. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह १९६३ चा, इंग्रजीत आला २०१८ मध्ये. वसाहतोत्तर समीक्षेची सगळी मांडणी ज्या दशकांत झाली त्या दशकांत ही पुस्तके त्या समीक्षकांच्या टेबलावरच नव्हती. स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त १९९७ मध्ये रश्दी यांनी सहसंपादक म्हणून काढलेल्या भारतीय लेखनाच्या संग्रहात अनुवादित लेखन एकच होते, मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’ ही उर्दू कथा. परदेशातल्या प्राध्यापकाने भारत शिकवायला घेतला की असाच संग्रह त्याच्या हाती पडतो.

परंतु अनुवाद झाला की प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. अचेबे यांच्या कादंबरीचे शेवटचे पान आठवा. ओकोंक्वोचे प्रेत झाडाला लटकते आहे आणि गोरा जिल्हाधिकारी मनात म्हणतो आहे की, या माणसावर आपल्या नियोजित ग्रंथात एखादे प्रकरण नाही तरी एक बरासा परिच्छेद लिहिता येईल. साम्राज्य लिहिते आणि माणूस परिच्छेदाएवढा होतो, हे तिथे स्वच्छ दिसते, आणि साम्राज्याच्या लेखनाला उत्तर शोधणाऱ्या समीक्षेला हे पान आयतेच सापडते. ‘फकिरा’त असा ग्रंथ लिहिणारा साहेब नाही. तिथे आहे ती हजेरी. मांगांनी आणि महारांनी रोज सरकारदरबारी आपण गावातच आहोत हे सिद्ध करायचे. हजेरीच्या कागदावर नाव चढणे हेही साम्राज्याचे लेखनच आहे, आणि ग्रंथापेक्षा ते कितीतरी अधिक माणसांच्या वाट्याला आले. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवून अशी हजेरी लावणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर झाली. स्वतंत्र भारतात तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. कायदा गेला पण संशय गेला नाही, हे वाचायचे असेल तर आपल्या सातारा जिल्ह्याचे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचावे. वसाहत संपल्यावर तिचे काय उरते, या प्रश्नाचे याहून थेट उत्तर भारतीय साहित्यात मला तरी दिसलेले नाही. तरीही ही आत्मकथने दलित साहित्याच्या पेपरात जातात आणि वसाहतोत्तर साहित्याचा पेपर त्यांच्याविना पूर्ण होतो. दोन पेपरांमधली ही भिंत समीक्षेने घातली आणि अभ्यासक्रमाने पक्की केली.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण सगळा दोष परक्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. मराठी समीक्षेनेही अण्णा भाऊंना फार काळ रंजक लेखकांच्या रांगेत बसवले. त्यांची शाहिरी आणि त्यांच्या कथा लोकांत गाजत असताना आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांना ओळी दोन ओळींची जागा मिळाली. हे चित्र पालटले ते दलित साहित्याच्या चळवळीमुळे आणि त्या चळवळीतून प्राध्यापक झालेल्या पिढीमुळे. माणदेशातल्या शंकरराव खरातांचा आणि अण्णा भाऊंचा विचार आज जो गंभीरपणे होतो, तो त्या पिढीने वर्गात आणि नियतकालिकांत केलेल्या कामाचे फळ आहे. भालचंद्र नेमाडे यांनी देशीवादाची भूमिका घेऊन इंग्रजी मानदंडांना आव्हान दिले, त्याचेही मोल आहे; मात्र देशी परंपरेचा गौरव करताना गावगाड्यातली जात नजरेआड होऊ नये, हा त्यावर घेतला गेलेला आक्षेप मला पटतो. ‘फकिरा’त गोरा साहेब शत्रू आहे, गावातले काही जण वैरी आहेत, आणि विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा माणूस पाठीशी उभा आहे. एका बाजूला साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला एकसंध देश, अशी सरळ विभागणी ही कादंबरी मान्यच करत नाही. ती अभ्यासात यायला हवी ती याच कारणासाठी.

आपल्या नातीने ही दोन पुस्तके एकाच आठवड्यात वाचावीत, अशी माझी तिला विनंती कळवावी.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते, प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, विद्यार्थी गाईड वाचतात. अशा वेळी माझ्यासारख्याने काय करावे?
– एक प्राध्यापक, फलटण

उत्तर : आपली अडचण खरी आहे, आणि ती केवळ आपली नाही. न्गुगी आणि त्यांचे सहकारीही एका विद्यापीठातले नोकरदार शिक्षकच होते, एवढे मात्र नमूद करतो.

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्या हाती आहेत. तिथून सुरुवात करावी. नेमलेल्या कादंबरीच्या एका प्रकरणाशेजारी मराठीतला एखादा उतारा ठेवून तुलना करायला सांगावे. उताऱ्याचा इंग्रजी अनुवाद वर्गानेच करावा. रयत शिक्षण संस्थेची सुरुवात १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले या गावी झाली. तेव्हापासून या भागातल्या ज्या घरांत पहिल्यांदा अक्षर आले त्या घरांची मुले आज आपल्यासमोर बसतात. हजेरी म्हणजे काय, दुष्काळ म्हणजे काय, वेशीबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे त्यांना टीपांतून समजावून द्यावे लागत नाही. परदेशी विद्यापीठातल्या वर्गाजवळ नसलेले हे ज्ञान आपल्या वर्गाजवळ आहे आणि परीक्षेत त्याला एकही गुण मिळत नाही, ही स्थिती आपण आपल्यापुरती तरी बदलू शकता.

दुसरे, आपण मराठीत लिहावे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात म. द. हातकणंगलेकर इंग्रजी शिकवत आणि मराठी साहित्याची समीक्षा मराठीत लिहीत. २००८ मध्ये सांगलीला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. इंग्रजी विभागात बसून मराठी वाचकाशी बोलण्याची ती रीत आता क्षीण झाली आहे. शोधनिबंध इंग्रजीत लिहिले जातात आणि बहुतेक वेळा पदोन्नतीच्या फायलीत राहतात. आपण अचेबे आणि अण्णा भाऊ यांच्यावर मराठीत एक लेख लिहिला तर तो तासगावच्या त्या आजोबांपर्यंत पोचेल.

अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव जरूर द्यावा, परंतु पुस्तक केवळ यादीत घालण्यावर समाधान मानू नये. ‘फकिरा’ लागली आणि तिच्यावर ‘नायकाचे स्वभावविशेष सांगा’ असाच प्रश्न आला, तर दोन वर्षांत तिचेही गाईड निघेल. यादीत आलेले पुस्तक बाहेर काढणेही फार अवघड नसते. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी दबावापुढे मागे घेतली. दिल्ली विद्यापीठाने २०२१ मध्ये महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही कथा आणि बामा व सुकीर्तराणी या तमिळ दलित लेखिकांचे लेखन इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकले. स्पिवाक यांनी १९८१ मध्ये केलेल्या अनुवादामुळे ‘द्रौपदी’ जगभरच्या वर्गांत पोचली होती, आणि तिच्याच देशातल्या एका मोठ्या विद्यापीठात तिची जागा एका समितीच्या निर्णयाने गेली. त्या वेळी ज्या प्राध्यापकांनी लेखी हरकत नोंदवली त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

म्हणून प्रस्ताव देताना त्याला तीन गोष्टी जोडाव्यात. हे पुस्तक नेमलेल्यांपैकी कोणत्या पुस्तकाबरोबर वाचायचे आणि का, याचे एक पानभर टिपण. त्यावर विचारता येतील असे चार-पाच नवे प्रश्न. आणि पुस्तक कोणाकडे मिळते, किंमत काय, आपल्या ग्रंथालयात किती प्रती आहेत, याचा तपशील. चांगले प्रस्ताव बहुतेक वेळा याच शेवटच्या मुद्द्यावर अडतात, कारण बैठकीत कोणीतरी ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे म्हणतो आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर देता येत नाही.